इंदुवहिनी गाडीतून उतरली नव्हती

ही गोष्ट घडलेली आहे.

ज्या वर्षी आनंदाच्या मुलीला, प्रियाला, पहिला मुलगा झाला आणि बारशाचा मांडव सुरतेतल्या नवागामच्या गल्लीत पडला, त्या वर्षाअखेरची. म्हणजे दोन हजार तेवीस संपत आलं होतं तेव्हाची. ज्याच्या बाबतीत घडली तो आनंदा आजही तिथेच राहतो. गाडीही तीच चालवतो. कोणी विश्वास ठेवावा म्हणून हे लिहिलेलं नाही. ठेवला नाही तरी आनंदाचं काही जात नाही, आणि ठेवला तरी त्याला झोप लागणार नाही.

असल्या गोष्टी अमावास्येच्या रात्री घडतात म्हणतात.

यात रात्रच नाही. सगळं उजेडात घडलं. माणसांच्या देखत घडलं.

आनंदा मूळचा साक्रीकडचा. थोरला भाऊ हिलाल आधी सुरतेला आला आणि कापडाच्या लूमवर लागला. हिलालला घरीदारी सगळे नाना म्हणतात. मागून नानाने आनंदाला आणलं, तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. नानाची बायको इंदुबाई. आनंदाची वहिनी. कडोदऱ्याच्या कारखान्यातून तो पाळी करून यायचा तेव्हा कानात नुसती खडखड भरलेली असायची. ती काही न बोलता ताट पुढे सरकवायची. त्याच्या लग्नात आईच्या जागी तीच उभी राहिली. तिला सासू मानायचं की जाऊ, हे आनंदाच्या बायकोला, नूतनला, कधी कळलंच नाही.

हात थकले तसं आनंदाने लूम सोडलं आणि एक जुनी पांढरी व्हॅन घेतली. बाजूला सरकता दरवाजा असलेली, बटण फिरवलं की पेट्रोलवरून गॅसवर जाणारी. सकाळ-दुपार शाळेच्या मुलांची ने-आण, सुटीच्या दिवशी कोणाची वर्दी.

गाडी चांगली होती. एकच खोड होती.

लवकर चालू होत नसे.

दिवाळीनंतर सकाळचा गारवा पडायला लागला तशी ही खोड वाढली. चावी फिरवली की खुर्र... खुर्र... खुर्र... आणि गप्प. पुन्हा फिरवा. पुन्हा खुर्र. मागे मुलं हसायची. गल्लीतल्या बाया नळावरून बघायच्या.

दिंडोली रोडवर मगन मिस्त्रीचं गॅरेज आहे. आनंदा गाडी घेऊन त्याच्याकडे गेला. मगनने बॅटरी तपासली. टर्मिनलवर पांढरी बुरशी धरली होती, ती गरम पाण्याने धुतली. प्लग काढून पॉलिश पेपरने घासले. पेट्रोलचा फिल्टर बदलला. सेल्फ खाली उतरवून त्यातले कार्बन नवे घातले. अर्थिंगची वायर घट्ट केली. चार दिवस बरं वाटलं. पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

"आनंदाभाई," मगन हात पुसत म्हणाला, "आ गाडी नथी, डोशी छे. डोशीने ऊठतां वार लागे."

"म्हातारी तर म्हातारी," आनंदा म्हणाला, "पण शाळा थांबत नाही ना रे तिच्यासाठी."

"तो पछी गॅस पर चालू नहीं करवानी. पहेला पेट्रोल, चोक खेंचवानो, गरम थाय पछी गॅस."

ती युक्ती मात्र लागू पडली. बटण पेट्रोलवर, चोक पूर्ण ओढलेला, आणि दमाने सेल्फ. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी गाडी धरायचीच. गॅसवर ठेवून मारत बसलं तर मात्र दुपारपर्यंत धरणार नाही.

हे आनंदाला माहीत होतं. मगनला माहीत होतं. इंदुवहिनीला माहीत नव्हतं.

वहिनीचा धाकटा भाऊ भटू गावी आजारी होता. अंगावरून वारं गेलं होतं, खाटेवरच असायचा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निरोप आला की तब्येत उतरली आहे. वहिनी आनंदाकडे आली. दारातच उभी राहिली.

"माले भटूले देखनं शे, भाऊ. येष्टीमा माले उलटी व्हस. तू लई जाशी का?"

"रविवारी जाऊ ना वहिनी. त्यात विचारायचं काय."

मनापासून बोलला होता तो. पण शनिवारी संध्याकाळी एका शेठचा फोन आला. शेठचे पाहुणे आले होते, वर्षाचा शेवटचा दिवस, त्यांना उभराटला दर्यावर फिरायचं होतं. याच शेठच्या कारखान्यात कामगारांना आणण्या-सोडण्याचं कायमचं काम निघणार होतं. आनंदा फोनवर नाही म्हणू शकला नाही.

आणि वहिनीलाही नाही म्हणू शकला नाही.

रविवारी सकाळी ती आवरून आली. ठेवणीतलं जांभळं लुगडं. हातात हिरवी नायलॉनची थैली. थैलीत भटूसाठी शेंगदाण्याचे लाडू आणि नवी कानटोपी. मागच्या सीटवर, डाव्या खिडकीपाशी बसली. थैली मांडीवर घेतली.

आनंदाने बटण गॅसवरच ठेवलं. चोकला हात लावला नाही.

खुर्र... खुर्र... खुर्र...

"काय व्हयनं रे?"

"धरत नाहीये."

खुर्र... खुर्र...

तो उतरला, बॅटरीवर थाप मारल्यासारखं केलं, परत बसला. परत तेच. कपाळावर खोटा घाम येत नाही म्हणून त्याने बाहीने कपाळ पुसलं. वहिनी मागून गाडीला चुचकारत होती. अडलेल्या गाईला चुचकारावं तसं.

शेवटी तीच म्हणाली, "ऱ्हाऊ दे भाऊ. रस्तामा बंद पडी तर तुलेच तरास व्हई. पुढला रविवारे जाऊत."

ती उतरली. थैली घेऊन कोपऱ्यावरून वळली. आनंदा थोडा वेळ तसाच बसून राहिला. मग बटण पेट्रोलवर केलं, चोक ओढला.

दुसऱ्या फटक्याला गाडी चालू झाली.

तासाभराने शेठच्या पाहुण्यांना घेऊन तो रेल्वेखालच्या बोगद्यातून, गरनाळ्यातून, बाहेर पडत होता. गाडीत गाणी, टाळ्या, वेफरचे पुडे. गरनाळ्याच्या तोंडाशी, भाजीच्या हातगाड्यांच्या बाजूला वहिनी उभी होती. हातात तीच थैली. घरी न जाता ती तिथे का उभी होती, कोणास ठाऊक. धुळ्याकडची एखादी जीप मिळते का बघत असेल.

तिने व्हॅन ओळखली. चेहरा उजळला तिचा. गाडी चालू झाली, आनंदा आपल्यालाच शोधत आला, असं वाटलं तिला. तिने हात वर केला आणि दोन पावलं पुढे आली.

आनंदाने समोर बघितलं आणि गाडी पुढे काढली.

आरशात त्याला दिसलं... हात अजून वरच होता.

वहिनीने हे कोणाला सांगितलं नाही. नानाला नाही, मुलाला, योगेशलाही नाही. गाडी बंद पडली एवढंच म्हणाली. सोमवारी नेहमीसारखी कळण्याची भाकरी आणि ठेचा योगेशच्या हाती पाठवून दिला. आनंदाला घास गिळवेना. नूतन म्हणाली, तोंड आलं आहे का? तो हो म्हणाला.

रोज ठरवायचा, आज जाऊन पाय धरू. रोज गल्लीच्या दुसऱ्या टोकाने घरी यायचा, वहिनीचं दार टाळून.

शुक्रवारी सकाळी वहिनी नळावर हंडा उचलता उचलता खाली बसली. ती उठलीच नाही.

भटूला कळवायचं नाही असं ठरलं. डॉक्टरने त्याच्या घरच्यांना बजावलं होतं, धक्का सोसणार नाही. भटूची सून धनश्री फोनवर म्हणाली, "मामंजी रोज विचारतात, ताई कधी येणार. मी सांगते, गाडी दुरुस्तीला टाकली आहे."

दहावा आला तो नेमका उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवशी.

तापीच्या काठावर भाऊबंद जमले. पलीकडच्या गच्च्यांवर स्पीकर लावलेले. आभाळ पतंगांनी भरून गेलेलं. योगेशने पिंड ठेवला. सगळे मागे सरून उभे राहिले.

कावळा येईना.

मांजाच्या भीतीने पाखरं सकाळपासून कुठे दडली होती. एक कावळा मात्र होता. विजेच्या तारेवर बसलेला. पिंडाकडे बघायचा, मान फिरवायचा.

आमच्याकडे रीत आहे. कावळा शिवत नसेल तर गेलेल्याचं काहीतरी मागे राहिलेलं असतं. मग घरच्यांनी एकेक करून पुढे व्हायचं आणि पिंडासमोर कबूल करायचं.

योगेश म्हणाला, "आई, नानाला मी सांभाळीन."

कावळा हलला नाही.

नूतन म्हणाली, "वहिनी, घरात भांडण होऊ देणार नाही."

कावळा हलला नाही.

मग नाना काठी टेकत पुढे झाला. "भटूकडे जानं ऱ्हाई गयं तुन्हं. गाडीच बंद पडी गयी. नहीतर आनंदा लईच जाणार होता. त्यान्हा काय दोष."

सगळ्यांनी आनंदाकडे पाहिलं.

आता पुढे व्हायचं आणि एवढंच म्हणायचं, वहिनी, मी भटूला भेटून येतो. पण नानाने आत्ताच, भोळेपणाने, सगळ्यांसमोर त्याचं खोटं खरं करून ठेवलं होतं. त्या खोट्यावर उभं राहून वचन द्यायला आनंदाची जीभ उचलेना. तो पुढे गेला. हात जोडले. तोंड उघडलं.

आणि काही न बोलता मागे आला.

कावळा तारेवरून उठला... आणि नदीपार निघून गेला.

"पतंगांमुळे रे," कोणी तरी म्हणालं. "आज कुठला कावळा शिवतो." गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला. विधी झाला. सगळे अंघोळी करून वर आले.

व्हॅनमध्ये माणसं कोंबून बसली. येतानाही अशीच आली होती, एकाच्या मांडीवर दुसरा.

आनंदाने बटण पेट्रोलवर केलं. चोक ओढला. चावी फिरवली.

खुर्र... खुर्र... खुर्र...

पुन्हा.

खुर्र...

"आनंदा," मागून एक चुलतभाऊ म्हणाला, "आलोच आहोत तर गाडीचाही दहावा उरकून टाकायचा का?"

दबलेलं हसू पिकलं. आनंदाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सगळे खाली उतरले आणि धक्का मारायला लागले. नानाही एक हात लावत होता. उतारावर गाडी सरकली, आचका बसला आणि एकदम सुरू झाली.

जीव भांड्यात पडला आनंदाचा. शाळेच्या फाटकापाशी रोज म्हणायचा तेच त्याच्या तोंडून निघून गेलं. खिडकीबाहेर हात काढून तो मोठ्याने म्हणाला,

"चला, बसा बसा. कोणी राहिलं का?"

सगळे जागच्या जागी थांबले.

दहाव्याच्या घाटावरून निघताना मागे बघायचं नसतं. कोणाला हाक मारायची नसते. चला म्हणायचं नसतं. हे लहान पोरांनाही माहीत असतं.

नाना हळू म्हणाला, "काय बोलनास रे तू?"

 सगळे मुकाट बसले.

गाडीच्या मागच्या स्प्रिंगचे पाटे करकरले...

आणि सरकता दरवाजा लागला. तो कोणी ओढला हे नंतर कोणालाच आठवेना.

माणसं तेवढीच होती. तशीच एकमेकांच्या मांडीवर. पण आनंदाने आरशात पाहिलं तेव्हा मागच्या सीटवर, डाव्या खिडकीपाशी, एका माणसाची जागा मोकळी होती. तिकडे कोणी सरकत नव्हतं. का सरकत नाही, हे त्यांनाही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून गाडी सुधारली.

चावीला हात लागायचा अवकाश. खुर्र नाही, काही नाही. गारव्यात, गॅसवर, चोक न ओढता. पहिल्याच फटक्याला.

मगनला सांगितलं तर त्याने बॉनेट उघडून कान लावला. बराच वेळ ऐकत राहिला.

"में तो कंई कर्युंज नथी," तो म्हणाला. "बीजा पासे गया हता?"

"नाही रे. कोणाकडेच नाही."

मगनने मागच्या चाकाकडे पाहिलं. "पाछळ शुं भर्युं छे? गाडी बेठी छे एक बाजू."

मागे काही भरलेलं नव्हतं. डावी बाजू दबलेली होती.

शाळेची मुलं आधी त्या खिडकीसाठी भांडायची. आता तिथे कोणी बसेना. तिघं तिघं पुढे दाटीने बसायची. आनंदाने एका मुलीला विचारलं, मागे जागा आहे ना गं? ती म्हणाली, "खबर नथी, काका." आणि तिने नजर पायांकडे वळवली.

मुलं उतरून गेली, गाडी रिकामी झाली की... मागून बारीक आवाज यायचा.

सर... सर...

नायलॉनची थैली मांडीवर नीट करावी, तसा.

आनंदा वळून बघायचा नाही. बघायची लाज वाटायची. हो, भीती नंतर आली. आधी लाजच होती. जिच्यासमोर मान वर करता येत नाही असं माणूस मागे बसलं की मान पुढेच धरावी लागते.

मग आणखी एक सुरू झालं. चावी काढली तरी इंजिन लगेच बंद होईना. चावी हातात आणि गाडी चालूच. पहिल्यांदा क्षणभर. मग जास्त. मगन म्हणाला, जुन्या गाडीत कार्बन धरला की होतं असं. असेलही.

शनिवारी सकाळी आनंदा नानाच्या दारावरून जात होता, तर गाडी तिथेच थांबली.

त्याने चावी काढली. खिशात टाकली.

इंजिन चालूच राहिलं.

तो खाली उतरला. लांब उभा राहिला. गाडी दाराकडे तोंड करून घरघरत होती. बाया नळावरून बघायला लागल्या.

नाना बाहेर आला. गाडीकडे पाहिलं, आनंदाच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग मागच्या खिडकीकडे. तिथे तो बराच वेळ बघत राहिला.

"आनंदा, कोन बठेल शे रे गाडीमा?"

 आनंदा भर गल्लीत नानाच्या पायरीवर खाली बसला आणि सगळं सांगितलं. गॅसचं बटण. न ओढलेला चोक. शेठचे पाहुणे. गरनाळं. वर केलेला हात. नळावरच्या बायांनी ऐकलं. नूतनने ऐकलं. योगेश दारात येऊन उभा होता, त्याने ऐकलं.

नानाने शिवी दिली नाही. हात उचलला नाही. उचलला असता तर आनंदाला बरं वाटलं असतं.

तो आत गेला आणि हिरवी थैली घेऊन आला. त्या रविवारी भरलेली, तशीच. खुंटीवरून कोणी काढली नव्हती.

"लई जाय तिले."

"नाना, तू पण चल."

"मी कशाले येऊ? तुले सांगेल होतं तिनी." नानाने थैली सीटवर ठेवली, दरवाजा ओढून घेतला आणि घरात गेला. वळून पाहिलं नाही.

आनंदा एकटाच निघाला.

कडोदरा गेलं. बारडोली गेलं. आनंदाने वाटेत रेडिओ लावला नाही. एकदाही आरसा पाहिला नाही. व्याऱ्याच्या अलीकडे गॅस संपत आला म्हणून त्याने गाडी पंपावर घेतली. तिथे नियम असतो, गॅस भरताना इंजिन बंद करायचं आणि आतल्या सगळ्यांनी उतरायचं.

त्याने चावी काढली. इंजिन चालूच.

पंपावरचा पोरगा वैतागला. "काका, गाडी बंध करो. अने पाछळ बेठेलां माजीने नीचे उतारो ने."

आनंदाने मागे न बघता विचारलं,

"कोणाला?"

"माजीने. जांबली साडीवाळां..." पोरगा खिडकीकडे बोट करता करता थांबला. त्याने पुन्हा नीट पाहिलं. हात खाली घेतला. 

मागे दुसऱ्या गाड्या हॉर्न मारत होत्या. आनंदा खाली उतरला. सरकता दरवाजा उघडला. सीटवर फक्त थैली होती. सगळ्यांसमोर, रिकाम्या सीटकडे बघत तो म्हणाला,

"वहिनी, थोडं उतर. गॅस भरायचा आहे."

गाडी बंद पडली.

मागची डावी बाजू हळूच वर आली.

पोराने गॅस भरला.  तो सबंध वेळ आनंदा दरवाजा धरून उभा होता, आणि आपल्या शेजारी कोणी उभं आहे हे त्याला कातडीला कळत होतं. लाकडाच्या धुराचा आणि मिश्रीचा वास. लहानपणापासूनचा ओळखीचा. त्या वासाने त्याला रडू आलं, पण रडायचाही हक्क आपला नाही असं वाटून त्याने ते गिळलं.

"बस," तो म्हणाला.

पाटे करकरले.

नवापूर गेलं. कोंडाईबारीचा घाट गेला. दुपार कलायला लागली तेव्हा भटूच्या अंगणात गाडी शिरली.

भटू अंगणात उन्हाला खाटेवर पडला होता. हाडांवर कातडं राहिलं होतं. धनश्री त्याच्या पायांवर गोधडी टाकत होती. व्हॅन बघून ती दचकली. भटूच्या मागे उभं राहून तिने आनंदाला हाताने खुणावलं, सांगू नका.

आनंदा उतरला. चावी त्याच्या हातात होती. गाडी मागे घरघरत होती.

"आनंदा का?" भटूचा आवाज पार खोल गेला होता. "ताईले लयनास?"

 आणलं म्हणावं तर काय आणलं, आणि नाही म्हणावं तर...

भटू त्याच्याकडे बघतच नव्हता. तो त्याच्या खांद्यावरून, गाडीच्या मागच्या खिडकीकडे बघत होता.

त्याचा चेहरा उजळला.

"उतर ना वं," तो म्हणाला. "बठी काय ऱ्हायनी?"

इंजिन बंद पडलं.

अंगणात एकदम शांतता झाली. सरकता दरवाजा आनंदाने उघडला नव्हता. धनश्रीने उघडला नव्हता. पण तो उघडा होता.

भटूने गोधडीखाली धडपड करत पाय बाजूला घेतले. खाटेवर जागा केली. वारं गेल्यापासून त्यातला डावा पाय त्याला हलवता येत नव्हता, हे धनश्रीने नंतर सांगितलं.

"ये. बठ."

खाटेचा सुंभ करकरला... आणि त्या जागी गोधडी खाली दबली.

धनश्रीने मागे सरून दाराची चौकट घट्ट धरली. आनंदा जिथे होता तिथेच उभा राहिला.

भटू बोलत होता. साधंच. शेजारच्यांनी बांध कोरल्याचं. म्हैस आटल्याचं. लहानपणी दोघांनी चोरून खाल्लेल्या चिंचांचं. मधेच थांबायचा, ऐकल्यासारखं करायचा आणि हसायचा. आनंदाने गाडीतून थैली आणून खाटेच्या पायाशी ठेवली. भटूने त्यातली कानटोपी काढून धनश्रीकडे दिली. तिने ती त्याच्या डोक्यात घातली.

मग तो बोलता बोलता गप्प झाला. एकदा बाजूला पाहिलं. एकदा आनंदाकडे. पुन्हा बाजूला.

"आनंदा," तो म्हणाला, "ताई तुन्हाकडे देखत काब्र नही रे?"

ताई तुझ्याकडे का बघत नाही.

आनंदाने मान खाली घातली. "मी तिला उशिरा आणलं, भटूभाऊ."

"रागे भरी गयी का?"

"माहीत नाही. तूच विचार."

भटूने विचारलं. बाजूला तोंड करून, हळू आवाजात. मग वाट बघत राहिला. धनश्रीही वाट बघत होती. आनंदाने आयुष्यात कशाची वाट पाहिली नसेल तशी तो बघत होता. गावातून कुठून तरी पिठाच्या गिरणीचा आवाज येत होता.

"काहीच बोलत नही," भटू शेवटी म्हणाला.

आनंदा संध्याकाळच्या आत निघाला. गाडी लवकर चालू झाली नाही. पेट्रोलवर, चोक ओढून, चार-पाच वेळा सेल्फ मारावा लागला. डावी-उजवी बाजू सारखी होती. सीट रिकामी होती, आणि आता ती नुसती रिकामीच होती.

गाडी अजून तशीच आहे. मगन म्हणतो, नवा सेल्फ घालून देतो. आनंदा नको म्हणतो. रोज सकाळी गल्लीच्या देखत खुर्र खुर्र करत बसतो. लोक हसतात. त्याचं त्याला काही वाटत नाही. नाना त्याच्याशी बोलतो, पण कामापुरतं.

ती उतरली एवढं आनंदाला माहीत आहे. पुढचं माहीत नाही. विचारायला आता कोणी उरलेलं नाही.

इंदुबाई हिलाल पाटील शुक्रवार, पाच जानेवारी दोन हजार चोवीसला सकाळी सुरतेत, नवागामला गेली. तिचा धाकटा भाऊ भटू त्याच महिन्याच्या एकवीस तारखेला, रविवारी दुपारी, आपल्या घरी गेला. बहीण गेल्याचं त्याला शेवटपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.